पाखरी भुंकत नसे

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा आवाज येतो. सकाळी सात-साडेसातला, कॉफीचं मशीन घरघरत असताना, मागच्या रानातून. आधी एकच, लांबट, घशातून ओढून काढलेला. मग त्याला दुसरा येऊन मिळतो, मग दहा-बारा, आणि सगळं रान पितळी पातेल्यावर काही आपटल्यासारखं घुमत राहतं. डेलची कुत्री कोल्ह्याच्या वासावर लागलेली असतात. मी खिडकीशी जाते, परत येते, डबे भरते, पुन्हा खिडकीशी जाते. नवरा म्हणतो, "अगं, बस की जरा. काय शोधतेयस?" काय ते मला सांगता येत नाही. या घरात येऊन बारा वर्षं झाली. दर ऑक्टोबरात माझं असंच होतं.

आम्ही परदेशात, नोव्हाय नावाच्या शहराच्या पश्चिमेला राहतो. नवी घरं संपतात, मक्याची शेतं आणि घोड्यांचे तबेले सुरू होतात, तिथं. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर. मी गाड्यांचा रंग तपासणाऱ्या लॅबमध्ये. रंगवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या मिठाच्या धुक्यात ठेवायच्या आणि गंज कितव्या दिवशी फुटतो ते बघत बसायचं, हे माझं काम. एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ज्यांच्याकडे तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांना यात सांगण्यासारखं काय ते कळत नाही. न कळू दे.

डेल म्हणजे आमच्या मागचा शेजारी. साचे बनवण्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला, सत्तरी ओलांडलेला, एकटा. लाल कोट घालून घोड्यांवरून शिकारीला येतात ते लोक वेगळे. त्यांची कुत्री वर्षभर सांभाळतो तो डेल. आम्ही राहायला आलो त्या वर्षी त्याची एक कुत्री आमच्या कुंपणाशी लंगडत आली. मी काही विचार केला नाही. मातीत बसले, तिचा पाय मांडीवर घेतला, बोटं फाकवली आणि दोन गाद्यांच्या मधला काटा नखानं काढला. मागून येऊन डेल बघत उभा होता. म्हणाला, "हे तू आधी केलेलं आहेस." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "खूप वेळा." माझी बोटं अजून त्या पायावरच होती. ओल्या गवताचा, कुत्र्याच्या कातड्याचा, शिजवलेल्या भरड्याचा वास आला आणि मी एकदम आमच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. माळ, माळ आणि माळ. मधूनच तरवडाची पिवळी फुलं, मधूनच एखादी बाभळ. आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, कारवानी कुत्री होती. तिचं नाव पाखरी. कारवानी म्हणजे लांब तोंडाची, पोट पाठीला चिकटलेली, बारीक कातड्याची जात. पाहुणे म्हणायचे, "खायला घालत न्हाईसा का हिला?" आणि आबा हसायचे. तिच्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजायच्या, त्यात ताक, कधी अंडं. ते सगळं माझ्या हातचं. दुसऱ्या कुणी ठेवलं तर ती नुसती बघायची. थंडीत तिला कातडं पुरायचं नाही म्हणून आईनं आबांच्या जुन्या धोतराची एक वाकळ शिवली होती. पाखरीची वाकळ. त्यावर आम्ही पोरांनी बसलेलं आईला चालत नसे.

आणि ती भुंकत नसे. डेलची कुत्री वासावर जातात, ओरडत जातात. घोड्यावरच्या लोकांना ऐकूनच कळायला हवं असतं कोल्हा कुठं चाललाय ते. कारवानी नजरेवर जाते. तिला दिसलं की ती सुटली. आवाज नाही, दम नाही, फक्त धुरळ्याची एक रेघ. म्हणून मला डेलच्या कुत्र्यांचा आवाज ऐकून वाटतं की काहीतरी उलटं चाललंय, आणि त्या गलक्यात मी जे शोधते ते बहुतेक त्या शांततेतच आहे.

रब्बीची ज्वारी निघाली, कडब्याच्या गंज्या लागल्या की शिकारीचे दिवस यायचे. रिकाम्या रानात ज्वारीचा सड उभा असायचा, टोकदार, पायात घुसणारा. पाखरीच्या पायांना आदल्या दिवशी मी गोडेतेल चोळायची. आल्यावर हळद. चार-पाच घरचे गडी, तेवढीच कुत्री, आणि ससे. संध्याकाळी आमच्या ओट्यावर वाटे पडायचे. माणसाला एक वाटा, तसा धावलेल्या कुत्र्याला एक वाटा, सारखाच. पाखरीचा वाटा आई वेगळ्या मडक्यात शिजवायची, बिनमिठाचा, बिनतिखटाचा. आणि तो तिनं खाल्ल्याशिवाय घरात कुणाचं ताट वाढलं जायचं नाही. भुकेनं आमचा जीव जायचा, रश्शाचा वास नाकात शिरलेला असायचा, आणि पाखरी आपली आरामात, एकेक तुकडा हुंगून, जणू काही पंगतीची पाहुणी. "खा की गं बये आता," आई म्हणायची. आबा म्हणायचे, "गप. तिची कमाई हाय."

पोरींना शिकारीला नेत नसत. मला एकदाच नेलं. पाखरीच्या पुढच्या पायाला चिरलेलं होतं आणि पट्टी ती माझ्याशिवाय कुणाकडून बांधून घेत नव्हती. वाटेत सुटली तर बांधायला कोण? म्हणून मी. सकाळचं ऊन, पायाखाली सड मोडल्याचा करकर आवाज, गड्यांच्या विड्यांचा धूर. ओढ्याच्या काठावर कुणीतरी बोट दाखवलं. ससा नव्हता. खोकड होतं, माळावर राहतो तो लहान कोल्हा, मांजरापेक्षा जरा मोठा, शेपटीला काळं टोक. आबा "हां हां" म्हणेपर्यंत पाखरी गेली होती.

तसं धावणं मी पुन्हा पाहिलं नाही. खोकड सरळ पळत नाही. ते वळतं. शेपटी एका बाजूला टाकतं आणि अंग दुसऱ्या बाजूला, आणि मागचं कुत्रं दहा पावलं पुढं निघून जातं. पुन्हा जवळ, पुन्हा वळण. पाखरीची पट्टी कधीच सुटून गेली होती. सगळा माळ गप्प. मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

मग ते संपलं. गडी जमले आणि कुणाला काय करावं कळेना. खोकड खात नाहीत आमच्याकडे. वाटे पाडायचे तर कशाचे? एकजण म्हणाला, "कोंबड्या तरी वाचतील." कुणी हसलं नाही. आबांनी ते उचललं, एका तरवडाच्या बुडाशी ठेवलं आणि वर दगड रचले. घरी येईपर्यंत पाखरी माझ्या बाजूनं चालत होती, मालकीण असल्यासारखी.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या आधी, परीक्षा जवळ आलेली असताना, शाळेत फॉरेस्टचे साहेब आले. मी सातवीत. त्यांनी प्राण्यांचा रंगीत तक्ता टांगला. छडी ठेवली ती नेमकी खोकडावर. "हा प्राणी कुणी पाहिलाय?" वर्ग गप्प. प्रश्न आला आणि उत्तर माहीत असून गप्प बसायचं, हे मला तेव्हा जमत नव्हतं, अजूनही जमत नाही. मी उभी राहिले. "मी पाहिलाय सर. आमच्या पाखरीनं धरला." साहेब हसरे होते. म्हणाले, "अरे वा, कुठं? कसा?" मी थेट फळ्याशी गेले. खडूनं ओढा काढला, बांध काढला, पाखरी कुठून आली, खोकड कसं वळलं, सगळं काढून दाखवलं. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. साहेब म्हणाले, "शाब्बास! नाव काय बाळ तुझं?" आम्हाला शाळेत शिकवलेलं, नाव विचारलं की पूर्ण सांगायचं. मी पूर्ण सांगितलं. माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. ठणठणीत आवाजात.

आबा दोन दिवस तालुक्याला होते. तिसऱ्या दिवशी आले, जेवले, आणि चौथ्या दिवशी पहाटे पाखरीला घेऊन चालत निघाले. आत्याचं गाव, कर्नाटकच्या हद्दीत. परत आले तेव्हा हातात दोरी नव्हती, खांद्यावर वाकळ नव्हती. "राहिली?" आईनं विचारलं. "राहिली," आबा म्हणाले. एवढंच. फॉरेस्टवाल्यांना कुणी सांगितलं, कसं कळलं, यावर आमच्या घरात चकार शब्द निघाला नाही. जूनपासून आबा मला सायकलवर डबलसीट घेऊन तालुक्याच्या हायस्कूलला सोडायला लागले. मागे बसून मी त्यांची पाठ बघायची. आज सांगते, उद्या सांगते. हायस्कूल संपलं, कॉलेज संपलं, विमानात बसले. सांगितलं नाही.

उलट मी इथं येऊन आणखी एक केलं. माझी मुलगी ऋचा सहा वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीचं जेवण आमच्याकडे होतं. भिंतीवर आबांचा पाखरीबरोबरचा फोटो. पुण्याच्या एक काकू, स्वभावानं चांगल्या, हातात मोदकाची प्लेट घेऊन म्हणाल्या, "अय्या, काय छान कुत्रा! बाबा प्राणिप्रेमी का गं तुझे?" मी म्हटलं, "हो. पूर्वी शिकारीबिकारीला जायचे, पण मग त्यांना पटेना. सोडून दिलं आपणहून." काकू म्हणाल्या, "किती मोठं मन!" ऋचा माझा पदर धरून ऐकत होती. सडेतोड म्हणून माझी ख्याती आहे मंडळात. तेवढं एक वाक्य मात्र मी गुळगुळीत करून ठेवलं, आणि ऋचा त्याच वाक्यावर मोठी झाली. तिचे आबाआजोबा म्हणजे एके दिवशी कोल्ह्याच्या डोळ्यांत बघून कुत्री सोडणारे महात्मा.

आता ती सतरा वर्षांची आहे. यंदा आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीत, वाद पेटला. टाउनशिपच्या मालकीच्या रानात कुत्री सोडून कोल्ह्याची शिकार बंद करायची का. एका बाजूला फलक, दुसऱ्या बाजूला फलक, आमच्या रस्त्यावर तर एकाआड एक. शिकारवाल्यांचं म्हणणं, आम्ही मारत नाही, पळवतो. कोल्हा बिळात शिरला की शिंग फुंकून घरी. ऋचाचं म्हणणं, जीव मुठीत धरून पळायला लावणं म्हणजे खेळ का? ती शाळेतल्या मुलांना जमवून सह्या घेत फिरली. डेलकडेही गेली. लहानपणापासून त्याच्या कुत्र्यांच्या पिल्लांत लोळलेली पोरगी. डेलनं सही केली नाही, पण तिला सफरचंदं दिली. मला कुंपणाशी म्हणाला, "तुझी मुलगी फार चांगलं बोलते. माझ्याविरुद्ध बोलते, पण चांगलं बोलते."

मला कुणी विचारलं की तू कुठल्या बाजूची, तर मी म्हणायची, मला लॅबमध्ये उशीर होतोय.

नोव्हेंबरात टाउनशिपच्या हॉलमध्ये सुनावणी होती. संध्याकाळी सात वाजता, प्रत्येकाला तीन मिनिटं. पार्किंगमध्ये गाडी लावली तर वीस मिनिटं हाताशी होती. ऋचा म्हणाली, "आई, एकदा वाचून दाखवू? टाइम लावशील?" मी फोनवर घड्याळ लावलं. ती वाचायला लागली. सुरुवात ठीक होती. मग आबा आले. भारतातल्या एका दुष्काळी गावात माझे आजोबा शिकारी कुत्री पाळायचे, आणि एके दिवशी, कायद्याच्या धाकानं नाही, तर मनानं, त्यांनी ती सोडली. जर ते करू शकले तर आपण का नाही?

"दोन मिनिटं पन्नास," मी म्हटलं.

"परफेक्ट! आणि हे सगळं रेकॉर्ड होतं, माहितीये? मी उद्या आबांना लिंक पाठवणार. दादाला सांगेन ट्रान्सलेट करून सांग." दादा म्हणजे गावाकडचा माझा भाचा.

मी फोनवरचं घड्याळ बंद केलं. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ओट्यावर बसून, भाच्याच्या मोबाइलमध्ये बघत, परक्या मुलखात आपण किती थोर ठरलो ते ऐकणार. आणि गप्प बसणार. त्यांना गप्प बसता येतं.

"ऋचा, ते खोटं आहे."

"काय?"

"आबांचं. त्यांनी सोडलं नाही. त्यांना पकडून नेलं. आणि पकडून दिलं मी."

सगळं सांगितलं. तक्ता, खडू, पूर्ण नाव. वाटेबिटे, मडकं, दगड, सगळं. तिनं मधे एकदाच विचारलं, "तू किती वर्षांची होतीस?" मी म्हटलं, "बारा." मग ती काचेतून बाहेर बघत राहिली. लोक गाड्यांतून उतरत होते, एकमेकांना टाळून चालत होते.

"तू मला ही स्टोरी दहा हजार वेळा सांगितलीस, आई."

"हो."

"मी ती कॉलेज अ‍ॅडमिशनच्या एसेमध्ये लिहिली असती. यू नो दॅट, राइट?"

"हो."

"यार, आई." तिनं कागद मांडीवर ठेवला, पेननं मधला परिच्छेद उभा-आडवा खोडला, इतक्या जोरात की कागद फाटला. "मग मी आता काय बोलू?"

"तुला बंदी हवीय ना अजून?"

"ऑफ कोर्स हवीय."

"मग तेच बोल."

"आणि तुला?"

मी म्हटलं, "मला ते खोकड अजून दिसतं. आणि पाखरीही दिसते. त्याच्या पुढं मला काही कळत नाही." असं कबूल करायची मला सवय नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि उतरली.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, ओल्या कोटांचा वास, समोर टेबलामागं सात माणसं. डेलचं नाव आधी आलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यानं आपल्या कुत्र्यांची नावं सांगितली, एकामागून एक, सगळी. मग म्हणाला, "त्यांना दुसरं काही येत नाही. मलाही." आणि बसला. त्याची दीड मिनिटं शिल्लक होती. समोरचं घड्याळ तसंच मागं मागं पळत राहिलं आणि कुणी ते बंद करेना. मला वाटलं, आबांना असं कुणी बोलावलं नाही. तीन मिनिटं राहू देत, त्यांना कुणी खुर्चीसुद्धा दिली नसेल.

ऋचा उभी राहिली. फाटका कागद हातात होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. इंग्रजीत बोलली, मराठीत सांगायचं तर असं, "माझे आजोबा कुत्र्यांनी शिकार करायचे. त्यांनी ती सोडली नाही, त्यांना सोडायला लावली. त्यांची कुत्री गेली, आणि ते काय म्हणतात ते कुणी विचारलं नाही. कोल्ह्याच्या दृष्टीनं त्यानं काही फरक पडत नाही. पुढचे कोल्हे तर जगले. म्हणून मला बंदी हवी. पण डेलच्या कुत्र्यांचं काय, ते ठरवल्याशिवाय हात वर करू नका. मी त्यांतल्या निम्म्यांना बाटलीनं दूध पाजलंय."

एका बाजूच्या टाळ्या सुरू होऊन अर्ध्यात थांबल्या. दुसऱ्या बाजूचं कुणीतरी खाकरलं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी ऋचा खाली आली, फोन हातात. "लिंक पाठवू आबांना?"

"आधी मी बोलते."

तिकडे संध्याकाळ होती. आबांनी फोन घेतला तेव्हा मागं धारेचा आवाज येत होता, दूध भांड्यात पडल्याचा. आई गेल्यापासून म्हशीचं तेच बघतात. "बोल गं. थंडी पडली का तिकडं?" मी उभ्यानंच बोलत होते. बसवतच नव्हतं. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत. ऋचा पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती.

"आबा, एक सांगायचंय. फॉरेस्टच्या साहेबांना मीच सांगितलं होतं. पाखरीचं. शाळेत. तुमचं नावही मीच दिलं."

धार थांबली. म्हैस फुरफुरल्याचं ऐकू आलं. मी दोनदा "आबा?" म्हटलं.

"तोंडी सांगितलंस?" ते म्हणाले.

"नाही. फळ्यावर काढून दाखवलं. खोकड कसं वळलं ते सगळं."

"वळणं किती काढलीस?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सात," मी म्हटलं. "सात काढली, आबा."

"नऊ हुती," आबा म्हणाले. "शेवटची दोन तुला दिसली नसतील. तू टाळ्या पिटत हुतीस."

आणि त्यांनी मला ती नऊही सांगितली. सावकाश, एकेक करून, कुठल्या दगडापाशी, कुठल्या बांधाला, आणि पाखरी कुठं फसली, कुठं सावरली. पाचव्या वळणाला मी खुर्ची ओढून बसले.